नर्स घडवायचा खर्च कोणी करायचा?

ऐकायला वेळ नाही, पण लोकलमध्ये किंवा एसटीत बसून वाचायला जमतं, अशांसाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना झालेली 'तर' आणि 'म्हणजे'ची गर्दी जरा कमी केली आहे. बाकी सगळं तसंच.

आजचा विषय आहे नर्सिंग. तुमच्यापैकी कोणाची बहीण जीएनएम करत असेल, कोणाची मैत्रीण बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असेल. काहींच्या मोबाईलवर 'जर्मनीत शिका, शिकताना पगार मिळवा' अशा रील्स रोज येत असतील. या सगळ्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: हॉस्पिटलांना नर्स हव्या आहेत, मुलामुलींना नर्स व्हायचंय, मग मध्ये अडतंय कुठे? आणि कॉलेज व हॉस्पिटल यांनी हातमिळवणी केली तर ते सुटतं का?

आधी आकार समजून घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात साधारण २ कोटी ९८ लाख नर्स होत्या आणि तरीही ५८ लाख कमी पडत होत्या. २०३० पर्यंत ही तूट ४१ लाखांवर येईल असा अंदाज आहे. कमी होतेय हे खरं, पण संपत नाहीये.

अडतंय कुठे?

आपल्याला वाटतं, टंचाई आहे म्हणजे कोणी या क्षेत्रात यायला तयार नाही. पण अमेरिकेतला एक आकडा बघा. तिथल्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेनुसार २०२३ या एका वर्षात पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांनी ६५,७६६ पात्र अर्ज परत पाठवले. पात्र अर्ज, बरं का! एका उमेदवाराचे दोन-तीन अर्ज असू शकतात, त्यामुळे माणसं याहून कमी असतील. तरी सुद्धा रांग आहे आणि दार अरुंद आहे, हे उघड दिसतं.

दार अरुंद का? कारणं साधारण तीच ती सांगितली जातात: शिकवणारे कमी, प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी वॉर्ड कमी, वॉर्डात मुलांकडे लक्ष देणाऱ्या अनुभवी नर्स कमी, आणि पैसा कमी.

यातलं वॉर्डाचं कारण सगळ्यात महत्त्वाचं. कोडिंग तुम्ही लॅपटॉपवर घरी बसून शिकू शकता. चुकलं तर प्रोग्राम बंद पडतो, परत चालू करायचा. नर्सिंगचं तसं नाही. शीर कशी सापडते, ऑपरेशननंतरचा पेशंट 'बरं वाटत नाही' म्हणतो तेव्हा काळजी कधी करायची, एका वेळी सहा पेशंट असताना आधी कोणाकडे जायचं, हे पुतळ्यावर थोडंफार शिकता येतं. पुढचं सगळं खऱ्या वॉर्डात, खऱ्या पेशंटजवळ, कोणीतरी जाणती व्यक्ती शेजारी उभी असतानाच येतं.

आता एका वॉर्डात एका वेळी किती विद्यार्थी मावतील? तीस खाटांच्या वॉर्डात चाळीस विद्यार्थी सोडले तर शिक्षण होत नाही, जत्रा भरते. म्हणजे वर्गात बाकं वाढवून जागा वाढत नाहीत. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर सगळ्यात हळू चालणारा टप्पा जो वेग ठरवतो, तोच सगळ्या यंत्रणेचा वेग. इथे तो टप्पा आहे वॉर्ड. आणि वॉर्ड कॉलेजच्या मालकीचा नसतो, हॉस्पिटलच्या असतो.

आधी एकाच घरात होते

गंमत म्हणजे सुरुवातीला ही भानगडच नव्हती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात नर्सिंगची शाळा सुरू झाली. शाळा हॉस्पिटलच्या आवारात आणि प्रशिक्षण वॉर्डात. ही पद्धत जगभर पसरली.

पण पुढे बऱ्याच ठिकाणी तिचं भलतंच झालं. शाळा हॉस्पिटलची, विद्यार्थिनी हॉस्पिटलच्या, मग कामालाही त्याच. शिकाऊ मुली म्हणजे जवळजवळ फुकटचं मनुष्यबळ. नाईट करायची, साफसफाई करायची आणि उरलेल्या वेळात लेक्चर. वॉर्डात माणूस कमी पडला की पहिलं लेक्चर रद्द.

अमेरिकेत १९४८ मध्ये एस्थर ल्युसिल ब्राउन यांचा अहवाल आला. त्याचं म्हणणं साधारण असं होतं, की नर्सिंगचं शिक्षण हॉस्पिटलच्या गरजेपासून वेगळं काढून कॉलेज-विद्यापीठांत न्यायला हवं. पुढच्या काही दशकांत अनेक देशांत हेच झालं. विद्यार्थी हा विद्यार्थी राहिला, शिक्षणाचा दर्जा वाढला. हा बदल गरजेचाच होता.

पण घर वेगळं झालं की स्वयंपाकघरही वेगळं होतं. कॉलेजला माहीत नाही की हॉस्पिटलात सध्या कोणतं मशीन वापरतात. हॉस्पिटलला वाटतं, नवी नर्स 'तयार' यायला हवी. आणि नवी नर्स पहिल्या दिवशी वॉर्डात गोंधळून उभी. आज कॉलेज आणि हॉस्पिटलच्या भागीदारीबद्दल जे बोललं जातं, ते मुळात हे दोन वेगळे झालेले भाऊ पुन्हा एकत्र कसे आणायचे याबद्दल आहे. फक्त जुनी फुकटची वेठबिगारी परत येऊ न देता.

खरी गाठ: शिकवायचं एकाने, न्यायचं दुसऱ्याने

आता हॉस्पिटलच्या बाजूने विचार करा. समजा एका शहरात दोन हॉस्पिटलं आहेत. पहिलं दरवर्षी तीस विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवतं. त्यासाठी अनुभवी नर्सचा वेळ जातो, काम हळू होतं, खर्च होतो. दुसरं हॉस्पिटल यातलं काहीच करत नाही. वाचलेल्या पैशातून ते महिन्याला तीन हजार जास्त देतं आणि शिकून तयार झालेल्या नर्स उचलून नेतं.

पहिलं हॉस्पिटल किती वर्षं शिकवेल? दोन-तीन वर्षांत तेही म्हणेल, 'आपणच का मरायचं? बाहेरून तयार माणसं घेऊ.' मग दोघंही वाट बघत बसतात की शिकवण्याचं काम दुसरं कोणीतरी करेल. शहरात नर्सची गरज वाढत जाते आणि शिकवणारं कोणीच उरत नाही. यात कोणी दुष्ट नाही. प्रत्येकजण आपापल्या हिशोबाने बरोबरच वागतोय, तरी एकूण नुकसान सगळ्यांचं.

या गाठीवर जगात तीन प्रकारची उत्तरं दिली गेली आहेत. एकेक बघू.

उत्तर पहिलं: बॉन्ड

हे आपल्या ओळखीचं आहे. आयटीत फ्रेशर म्हणून लागलेल्यांना तर सांगायलाच नको. 'आम्ही तुला शिकवलं, आता दोन वर्षं इथेच राहा, नाहीतर पैसे भर.' पहिल्या हॉस्पिटलचा खर्च वसूल होईपर्यंत माणूस बांधून ठेवायचा.

आपल्याकडे अनेक खासगी नर्सिंग कॉलेजांमध्ये हे चालायचं. फी मुलांनीच भरायची, वर शिक्षण संपल्यावर त्याच संस्थेच्या हॉस्पिटलात तुटपुंज्या पगारावर काम करायचं. मूळ सर्टिफिकेटं ऑफिसात जमा. २०११ च्या शेवटी आणि २०१२ मध्ये मुंबई, दिल्ली, केरळ अशा ठिकाणी नर्सनी संप केले, तेव्हा पगाराइतकाच बॉन्ड आणि अडकवलेली सर्टिफिकेटं हाही मुद्दा होता. भारतीय नर्सिंग परिषदेने २०११ मध्येच ही सक्तीच्या सेवेची बॉन्ड पद्धत बंद करायला सांगितलं होतं. पुढे जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सच्या पगाराचा प्रश्न बघण्यासाठी समिती नेमायला सांगितली. ५० खाटांपेक्षा लहान हॉस्पिटलातही नर्सचा पगार महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी नको, अशी त्या समितीची शिफारस होती. शिफारस आणि हातात पडणारा पगार यात किती अंतर असतं, ते ज्यांच्या घरी नर्स आहे त्यांना विचारा.

अमेरिकेतही हाच प्रकार वेगळ्या नावाने आहे. नवीन नर्सला 'ट्रेनिंग प्रोग्रॅम'मध्ये घेतात आणि ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर ट्रेनिंगचा खर्च परत मागतात. नर्सच्या संघटना याच्या विरोधात आहेत.

बॉन्डमध्ये अडचण काय? बांधलेला माणूस तक्रार करत नाही. वॉर्डात माणसं कमी आहेत, पेशंटला धोका आहे, हे बोलायला हवं त्या वेळी तो गप्प बसतो, कारण सोडून जायची सोय नाही. आणि मुदत संपली की पहिल्याच दिवशी तो जातो. त्यामुळे टंचाई सुटत नाही, दोन वर्षं पुढे ढकलली जाते एवढंच.

उत्तर दुसरं: वॉर्डालाच वर्ग करा

ही कल्पना ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठात आकाराला आली आणि २००३ मध्ये अमेरिकेत पोर्टलंड विद्यापीठाने स्थानिक हॉस्पिटलांसोबत ती राबवली. पद्धत साधी आहे.

नेहमी काय होतं? कॉलेजची एक ट्यूटर आठ-दहा विद्यार्थी घेऊन वॉर्डात येते. तिला तो वॉर्ड फारसा माहीत नसतो, आणि वॉर्डातल्या नर्सना हे विद्यार्थी म्हणजे पायात येणारी मुलं वाटतात. एकाला इंजेक्शन द्यायचंय तर ट्यूटर येईपर्यंत थांबा. ट्यूटर तिकडे दुसऱ्याजवळ अडकलेली. अर्धी सकाळ वाट बघण्यात जाते.

नव्या पद्धतीत एक अख्खा वॉर्ड एकाच कॉलेजसाठी ठरवून टाकतात. वॉर्डातल्या ज्या नर्सना शिकवायची आवड आहे, त्यांना कॉलेज शिकवायचं कसं याचं प्रशिक्षण देतं. मग त्या प्रत्येकी साधारण दोन विद्यार्थी सांभाळतात आणि तेच दोघं आठवडेच्या आठवडे त्यांच्याबरोबर काम करतात. कॉलेजची प्राध्यापिका आता प्रत्येक इंजेक्शनजवळ उभी राहत नाही. ती या नर्सना मदत करते, काय शिकून झालं, काय राहिलं ते बघते.

याने दोन गोष्टी होतात. एक, तेवढ्याच प्राध्यापकांत जास्त विद्यार्थी शिकतात, म्हणजे आपला सगळ्यात हळू टप्पा थोडा वेगवान होतो. दोन, विद्यार्थ्याला तो वॉर्ड आपला वाटायला लागतो. सिस्टर ओळखीच्या, डॉक्टर ओळखीचे, कपाटात काय कुठे आहे ते माहीत. शिक्षण संपल्यावर तो तिथेच अर्ज करण्याची शक्यता वाढते. बॉन्ड जे बळजबरीने करायला बघतो, त्यातलं थोडं इथे ओळखीने होतं.

पण पैशाची गाठ यातही पूर्ण सुटत नाही. शेजारचं न शिकवणारं हॉस्पिटल अजूनही फुकटच बसलेलं आहे.

उत्तर तिसरं: सगळ्यांकडून वर्गणी

आता येतो जर्मनीकडे. तिथे १ जानेवारी २०२० पासून नर्सिंगच्या शिक्षणाचा नवा कायदा लागू झाला. आधी मोठ्यांची शुश्रूषा, लहान मुलांची शुश्रूषा आणि वृद्धांची शुश्रूषा असे तीन वेगळे अभ्यासक्रम होते, ते एकत्र आणले. तीन वर्षांचं शिक्षण: शाळेत किमान २,१०० तास आणि प्रत्यक्ष कामावर किमान २,५०० तास.

इथे करार होतो तो मालकाशी. म्हणजे हॉस्पिटल, वृद्धाश्रम किंवा घरी जाऊन सेवा देणारी संस्था यांच्याशी. विद्यार्थी पहिल्या दिवसापासून पगारी शिकाऊ असतो. शाळा हॉस्पिटलची स्वतःची तरी असते, नाहीतर करार करून जोडलेली. शाळेची फी घेता येत नाही.

२,५०० तासांची वाटणीही बघण्यासारखी आहे. पहिले ४०० तास ओळखीसाठी, आपल्याच मालकाकडे. मग हॉस्पिटलात ४००, वृद्धांच्या निवासी संस्थेत ४००, घरोघरी जाऊन सेवा ४००. बालरुग्ण १२०, मानसोपचार १२०. बाकीचे सखोल सरावासाठी आणि थोडे आवडीनुसार. आता सांगा, एकट्या वृद्धाश्रमाकडे बालरुग्णांचा विभाग कुठून येणार? त्यामुळे त्याला हॉस्पिटलशी करार करावाच लागतो आणि हॉस्पिटलला घरपोच सेवा देणाऱ्यांशी. इथे भागीदारी ऐच्छिक नाही, अभ्यासक्रमाच्या पोटातच आहे.

शिवाय प्रत्यक्ष कामाच्या वेळेतला किमान १० टक्के वेळ खास प्रशिक्षण घेतलेल्या मार्गदर्शक नर्सने ठरवून शिकवण्यासाठी द्यायचा, असा नियम आहे. 'बघत बघत शीक' एवढ्यावर भागत नाही.

आणि पैसे? इथेच ती गाठ सोडवलेली आहे. प्रत्येक राज्यात एक निधी आहे. त्यात सगळी हॉस्पिटलं आणि सगळ्या शुश्रूषा संस्था पैसे भरतात, मग त्या शिकवत असोत वा नसोत. वाटा कायद्यातच लिहिलेला आहे: साधारण ५७ टक्के हॉस्पिटलांकडून, ३० टक्के शुश्रूषा संस्थांकडून, ९ टक्के राज्य सरकारकडून आणि ३.६ टक्के शुश्रूषा विम्यातून. जी संस्था शिकवते तिला या निधीतून शिकवण्याचा खर्च परत मिळतो, शाळेलाही मिळतो.

आता आपली ती दोन हॉस्पिटलं आठवा. दुसऱ्याने शिकवलं नाही तरी वर्गणी द्यावीच लागते. मग ते म्हणतं, 'पैसे जातातच आहेत तर आपणही चार मुलं घेऊ.' फुकट बसण्यातला फायदाच काढून टाकला. सोसायटीत लिफ्टचा मेंटेनन्स तळमजल्यावाल्याकडूनही घेतात, तसंच काहीसं. भांडणं तिथेही होतात, पण लिफ्ट चालू राहते.

आणि म्हणून बॉन्डची गरजही उरत नाही. शिक्षण झाल्यावर कुठे काम करायचं याचं बंधन घालणारी अट या कायद्यानुसार रद्दबातल ठरते. अपवाद एकच: शिक्षणाच्या अगदी शेवटच्या महिन्यांत दोघांच्या मर्जीने पुढच्या नोकरीचा करार होऊ शकतो. शिकवल्याबद्दल विद्यार्थ्याकडून पैसे घेण्याची किंवा दंड लावण्याची अटही चालत नाही. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग जर्मनीत सगळं छान का नाही?

नाही ना! तिथल्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये अंदाज दिला, की २०४९ पर्यंत २,८०,००० ते ६,९०,००० शुश्रूषा कर्मचारी कमी पडतील. समाज म्हातारा होतोय, अनुभवी नर्स निवृत्त होतायत.

कायद्यातही फटी आहेत. वॉर्डात माणसं कमी असतील त्या दिवशी मार्गदर्शक नर्सचा शिकवायचा वेळ पहिला कापला जातो आणि शिकाऊ मुलालाच रिकाम्या जागी उभं करतात. म्हणजे १८६० नंतरची जुनी खोड पुन्हा डोकं वर काढते. शिक्षण अर्धवट सोडणारेही बरेच आहेत. शिवाय शुश्रूषा संस्था आपली वर्गणी शेवटी तिथे राहणाऱ्या वृद्धांच्या बिलात लावतात, त्यावरही तिथे नाराजी आहे.

यातून एक गोष्ट कळते. भागीदारीने नळाचं पाणी वाढतं. बादली गळकी असेल, म्हणजे ड्यूटी न झेपणारी, पगार कमी आणि वरून ओरडा, तर नळ कितीही सोडा, उपयोग मर्यादितच.

आता आपल्याकडे

आपल्याकडे कॉलेज आणि हॉस्पिटलची भागीदारी कागदावर सक्तीची आहे. नर्सिंग कॉलेजला साधारणपणे स्वतःचं किमान १०० खाटांचं हॉस्पिटल लागतं, आणि विद्यार्थी किती, पेशंट किती याचं प्रमाण नर्सिंग परिषद ठरवते. कल्पना उत्तम. पण खाटा असणं वेगळं आणि खाटांवर पेशंट असणं वेगळं. प्रवेश घेताना बिल्डिंग आणि संगणक कक्ष बघतो, त्याऐवजी दुपारी अकराच्या सुमारास संलग्न हॉस्पिटलात एक चक्कर मारा. वॉर्ड भरलेले आहेत का? विद्यार्थी प्रत्यक्ष काय करतायत? त्यांच्याबरोबर सिस्टर किंवा ट्यूटर आहे का, की ते नुसते फाइली लिहीत बसलेत? त्या अर्ध्या तासात माहितीपत्रकापेक्षा जास्त कळेल.

आणि आता जर्मनीच्या रील्स. यामागे खरी गोष्ट आहे. केरळच्या 'नोर्का रूट्स' या सरकारी संस्थेने २०२१ मध्ये जर्मन सरकारी यंत्रणांशी 'ट्रिपल विन' नावाचा करार केला. त्यात नर्सची भरती होते आणि उमेदवाराकडून भरतीचे पैसे घेत नाहीत, खर्च तिकडचा मालक करतो. महाराष्ट्र सरकारनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात नर्सिंगही आहे. पण सरकारी करार होतो तेव्हा त्याच्या सावलीत खासगी दुकानंही उघडतात. म्हणून सही करण्याआधी हे पाच प्रश्न विचारा.

१. मी शिकाऊ म्हणून जातोय की नर्स म्हणून? बारावीनंतर जाणाऱ्यासाठी तीन वर्षांचं शिकाऊ प्रशिक्षण ठीक आहे. पण तुमचं जीएनएम किंवा बीएस्सी झालेलं असेल, तर तुमच्या पदवीला मान्यता मिळवण्याचा वेगळा रस्ता आहे. तिकडचे अधिकारी तुमचा अभ्यासक्रम तपासतात, जे कमी पडतं ते पुरवणी प्रशिक्षणाने किंवा परीक्षेने भरून काढायचं असतं. हे न सांगता शिकलेल्या नर्सला पुन्हा शिकाऊ म्हणून पाठवलं, तर तिची तीन वर्षं शिकाऊच्या पगारावर जातात. हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा.

२. करार कोणाशी आहे? करारावर जर्मनीतल्या हॉस्पिटलचं किंवा संस्थेचं नाव हवं, शाळेचं नाव हवं. फक्त इथल्या कन्सल्टन्सीचं लेटरहेड असेल तर तो करार तुमच्या शिक्षणाचा नाही.

३. पगार नेमका किती आणि हातात किती? सरकारी वेतनकराराखालच्या संस्थांत २०२४ मध्ये पहिल्या वर्षाच्या शिकाऊचा पगार महिना साधारण १,३४० युरो होता. विमा आणि पेन्शनची कपात जाऊन हातात हजार-अकराशे. घरभाडं त्यातूनच. रुपयांत गुणाकार करून लाखाचा आकडा दाखवणाऱ्याला म्युनिकमधल्या खोलीचं भाडंही सांगायला लावा.

४. भाषा कुठपर्यंत? व्हिसासाठी साधारण बी-१ लागते, अनेक शाळा बी-२ मागतात. आणि परीक्षेपुरती बी-२ आणि दात नसलेल्या, आपल्या गावच्या बोलीत बोलणाऱ्या आजोबांचं जर्मन कळणं, यात बराच फरक आहे. सहा महिन्यांत सगळं होतं म्हणणाऱ्यावर चटकन विश्वास ठेवू नका.

५. मी मध्ये सोडलं तर? पहिले सहा महिने चाचणीचे असतात, त्यात दोन्ही बाजूंना करार सोडता येतो. पुढेही शिकवल्याचे पैसे मालक मागू शकत नाही, ते आपण वर बघितलं. पण इथला एजंट वेगळ्या कागदावर 'सोडलं तर चार लाख भरीन' असं लिहून घेऊ शकतो. तो कागद नीट वाचा, घरच्यांना आणि ओळखीच्या वकिलाला दाखवा. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते आणि त्याचं सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढ्यावरच मर्यादित आहे. नोंदणी सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर तपासता येते. 'आम्ही एजंट नाही, भाषेचा क्लास आहोत' असं उत्तर आलं, तर फी नेमकी कशाची आहे ते पावतीवर लिहून घ्या. आणि मूळ सर्टिफिकेटं कोणाच्याही ताब्यात देऊ नका. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत घ्यायची.

शेवटी

काही जण म्हणतील, आपल्याच जिल्हा रुग्णालयात सिस्टर कमी आहेत आणि तुम्ही जर्मनीचं सांगताय. बरोबर आहे. पण जाणाऱ्या मुलीला दोष देऊन काय मिळणार? तिने हिशोब केला आणि तिला तिकडे बरं दिसलं. जर्मनीकडून माणसं पाठवण्याचा करार घेतला, तसा वर्गणीचा तो निधीही बघून घेता आला असता. आपल्या शहरातल्या प्रत्येक मोठ्या खासगी हॉस्पिटलने, शिकवो वा न शिकवो, प्रशिक्षणासाठी पैसे भरायचे आणि जे खरंच वॉर्डात शिकवतात, शिकाऊंना मानधन देतात, त्यांना ते परत मिळायचे. यासाठी कोणतं नवं तंत्रज्ञान लागत नाही. लागतो तो कायदा, आणि पैसे नीट वापरले जातात ना हे तपासणारी माणसं.

तोपर्यंत एक छोटं काम. तुमच्या ओळखीत कोणी नर्सिंगला प्रवेश घेत असेल किंवा जर्मनीचा फॉर्म भरत असेल, तर वरचे पाच प्रश्न त्यांना पाठवा. आणि तुम्ही स्वतः नर्स असाल, विद्यार्थी असाल, तर तुमच्या वॉर्डात शिकवणं कसं चालतं ते आम्हाला कळवा. नाव गुप्त ठेवू. पुढच्या भागात त्यातले काही अनुभव वाचून दाखवू.

भेटूया पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!